मी जातो

टिळकवाडीच्या कॉलेजातली चौघं आली आमच्या गल्लीत,
वडगावला, शुक्रवारी, लाईट जायच्या आत शूटिंग उरकायचं म्हणून.
एकाच्या हातात लांब काठी,
काठीच्या टोकाला मांजराएवढा केसाळ माइक.
दिग्दर्शक ऋजुता नाडगौडा. बुटाची नाडी सुटलेली.
"किशोरवयीन मुलींचे प्रश्न," ती म्हणाली,
"आठ मिनिटांत."

आधी माग बंद करा म्हणाले, आवाज येतोय.
बाबांनी बटण दाबलं. समोरच्यांनी दाबलं.
मग पलीकडच्यांनीही.
दोन मिनिटांत शेवंताक्का धावत आली पदर सावरत,
"कोण गेलं गे? कुणाच्या घरचं?"
आमच्या गल्लीत एवढं गप्प
मयताच्या दिवशीच होतं.

मी गज धरून बाहेर बघायचं, असं लिहिलेलं.
आमच्या खिडकीला गज न्हाईत.
शेवटी विणकर सोसायटीच्या हापिसाची खिडकी मिळाली,
तिला आहेत, आत पैसे असतात.
मी गज धरून बसलो.
माझं नाव आशा ठेवलेलं.

"आता म्हण, मी शाळेला जाते."
मी म्हटलो, "मी शाळेला जातो."
कट.
"जाते."
"जातो."
"अगं, मुलगी आहेस ना तू?"
सगळे हसले. मी पण हसलो.
पण आई बाजारला निघताना दारातनं ओरडती, "मी येतो गे,"
आत्या म्हणती, "मी जेवलो,"
शेवंताक्का पाच पोरांची आई,
ती पण म्हणती, "मी दमलो बाई,"
आणि आजपर्यंत कुणी थांबवून विचारलं न्हाई
कोण आहेस म्हणून.

सात वेळा झालं. माइकवाल्याचा हात कापायला लागला.

चहा पिताना ऋजुतानं विचारलं,
तुझ्या ओळखीत कुणी शाळा सोडली का, खरंखुरं?
मी नीलव्वाचं सांगितलो.
नववीत तिनं गणिताचं गाइड मला तीस रुपयाला विकलं,
त्याच पैशाची गोबी मंचुरी घेतली स्टॉपवर,
अर्धी मला दिली.
रडली न्हाई.
हळदीच्या आदल्या रात्री दोन्ही हात मेंदीनं भरलेले,
मला म्हणाली, "नाक खाजव गे, मरायला लागलो."
मी खाजवलो.
"अजून जरा वर," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला गेली.

ऋजुता गप्प. कपात माशी पडलेली, तिला दिसली न्हाई.
मग म्हणाली, "हे कॅमेऱ्यासमोर सांगशील?"
मी न्हाई म्हटलो.
नाक तिचं आहे.

मार्चमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली.
आईला घेऊन गेलो, चुलतबहिणीचा ड्रेस घालून.
सुरू व्हायच्या आधी पडद्याशेजारी भांडण,
वर मराठी का वर कन्नड,
कुणी प्राचार्यांना फोन लावला, कुणी मामाला.
शेवटी नाव इंग्रजीतच ठेवलं.
मग सगळ्यांनाच वाचायला वेळ लागला.

आणि मी.
एवढा मोठा, गज धरलेला.
माझं तोंड गोल होतंय, जा-तो,
आणि आवाज येतोय, "जाते."
बारीक, गोड, धुतलेला कुणाचातरी आवाज.
आई कानात म्हणाली, "तुझ्या तोंडातनं हे कोण बोलतंय?"
मागचे लोक शू म्हणाले.
टाळ्या खूप पडल्या. बक्षीस दुसरं.

बाहेर पायरीवर ऋजुता नाडी बांधत बसलेली.
"थांब ना, फोटो काढूया."
शेवटची बस साडेआठची, मी म्हटलो.
तेवढ्यात तिचा फोन वाजला.
खांदा आणि कान यांच्यात धरून, घाईत,
ती म्हणाली,
"हो आई, निघालो मी. अर्ध्या तासात येतो की."

मग तिनं वर बघितलं.
मी हसलो न्हाई.
तिची नाडी परत सुटली,
आणि ती बांधायला तिला लई वेळ लागला.